'जेरेमायड' म्हणजे रडगाणं?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकी साहित्याच्या इतिहासातलं एक प्रकरण मराठीत आणते आहे. त्यात 'प्युरिटन जेरेमायड' हा शब्द सारखा येतो. कोशात 'विलाप, रडगाणे' असं दिलंय. 'प्युरिटन रडगाणे' चालेल का? आणि 'एरंड इन्टू द विल्डरनेस' या उपदेशाच्या शीर्षकाचं काय करू?"

आधी एरंडाचं (इंग्रजीतला errand) बघू, कारण देवनागरीत तो शब्द वाचून मला पहिल्यांदा एरंडाचं गुऱ्हाळच आठवलं. दोन-दोन तास चालणारे ते उपदेश पाहता अगदीच चुकीचं नाही म्हणा! पण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर याच उपदेशात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

११ मे १६७० रोजी बॉस्टनमध्ये सॅम्युअल डॅनफर्थ या रॉक्सबरीच्या पाळकाने तो दिला. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंटांच्या, मॅसॅच्युसेट्स वसाहतीत दरवर्षी निवडणुकीच्या दिवशी राज्यकर्त्यांसमोर उपदेश व्हायचा, त्यातला हा एक. वचन मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी येशू लोकांना विचारतो, तुम्ही अरण्यात काय पाहायला गेला होता? वाऱ्याने हलणारा बोरू? तलम कपडे घातलेला माणूस? की संदेष्टा? डॅनफर्थने हाच प्रश्न उचलून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, लोकांपुढे ठेवला. घरदार सोडून, समुद्र ओलांडून या अरण्यात कशाला आलात? आता गंमत बघा. मोठं स्थलांतर झालं १६३० च्या दशकात. म्हणजे १६७० साली समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण आले नव्हतेच, इथेच जन्मले होते. आईबापांनी केलेला प्रवास त्यांच्या नावावर मांडून त्याचा हिशेब त्यांच्याकडे मागितला जात होता. आणि तो त्यांना आपलाच वाटावा, ही त्या बोलण्याची करामत.

मग येते संकटांची यादी. सात वर्षं पिकावर पडलेला रोग, अवर्षण, वादळं, पूर. शिवाय चांगली चांगली माणसं एकामागून एक गेलेली. आपण याला 'अस्मानी' म्हणून गप्प बसलो असतो. डॅनफर्थ बसत नाही. हे का झालं, असं स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो: ज्या कामासाठी आलात ते विसरलात म्हणून. पुढे श्रोत्यांच्या मनातल्या शंकाही तोच बोलून दाखवतो. आमची जखम बरी होण्यासारखी नाही, मग? तर वैद्य आहे, ख्रिस्ताने हा रोगी हाती घेतला आहे. म्हणजे आरोप, पुरावा आणि जामीन, सगळं एकाच बैठकीत.

रडगाण्यात हे कुठे आहे? "लावलंस का पुन्हा रडगाणं" यात बोलणाऱ्याची स्वतःविषयीची कीव असते आणि ऐकणाऱ्याचा कंटाळा. जेरेमायडमध्ये बोलणारा स्वतःसाठी रडत नाही, ऐकणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. त्याच वसाहतीतला पाळक-कवी मायकेल विगल्सवर्थ याने १६६२ च्या दुष्काळात लिहिलेल्या दीर्घकवितेचं नावच 'देवाचा न्यू इंग्लंडशी कज्जा' अशा अर्थाचं आहे. देव फिर्यादी, वसाहत प्रतिवादी. ही कोर्टाची भाषा जुन्या करारातल्या संदेष्ट्यांकडून आली.

त्यातलाच एक संदेष्टा यिर्मया. इंग्रजीत तो जेरेमाया, फ्रेंचमध्ये त्याच्या नावावरून 'जेरेमियाद' झालं आणि तिथून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत शिरला. म्हणजे डॅनफर्थने तो ऐकलाही नसणार. त्याच्या काळी नावं प्रसंगावरून पडत: निवडणुकीचा उपदेश, उपासाच्या दिवसाचा उपदेश. 'जेरेमायड' हे लेबल विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी लावलं, त्यात प्युरिटनांचा इतिहासकार पेरी मिलर ठळक. 'विलाप' हा कोशातला अर्थ आला कारण बायबलमधलं 'विलापगीत' हे पुस्तक परंपरेने यिर्मयाच्या नावावर आहे. पण प्युरिटनांनी त्याच्याकडून विलापापेक्षा फिर्याद जास्त घेतली.

आणि फिर्याद कुणावर होते? ज्याच्याशी करार असतो त्याच्यावर. मराठी बायबलातला 'जुना करार, नवा करार' मधला हा 'करार' शब्द इथे चपखल बसतो, तो सोडू नका. देवाने आपल्याशी करार केला आहे, ही प्युरिटनांची पक्की समजूत. १६३० मध्ये गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने सांगून ठेवलं होतं की आपण डोंगरावरच्या नगरासारखे आहोत, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत आणि करार मोडला तर जगभर आपली छी-थू होईल. ते डोंगरावरचं नगर पुढे अमेरिकी राजकारण्यांनी अभिमानाने मिरवलं, छी-थूचा भाग बहुतेकांनी गाळला. असो. तर या हिशेबात पीक बुडणं म्हणजे देवाने टाकून दिल्याची खूण नाही, उलट तो अजून आपल्याला आपलं मानतो याची. आपल्याकडे नाही का म्हणत, "आपला म्हणून बोलतो, परक्याला कशाला बोलू?" जेरेमायडचं सगळं बळ या एका वाक्यात आहे. म्हणूनच इतकी बोलणी खाऊन माणसं उठून जात नव्हती. सॅकवन बर्कोविच या अभ्यासकाने १९७८ मध्ये मिलरशी वाद घातला तो साधारण याच मुद्द्यावर. मिलरला या उपदेशांत ऱ्हासाची खंत ऐकू येत होती, बर्कोविचला तीतून उलट खात्री, उमेद. मला बर्कोविचचं जास्त पटतं.

अनुवाद करताना सगळ्यात जपायचं ते सर्वनाम. इंग्रजीचा 'वी' मोघम आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. जेरेमायडमध्ये जिथे पाळक स्वतःलाही धरून बोलतो तिथे 'आपण' हवं, 'आम्ही' लिहिलंत तर तो श्रोत्यांना बाहेर ठेवेल आणि करारच मोडेल. याच्या शेजारी जोनाथन एडवर्ड्स या पाळकाचा ८ जुलै १७४१ चा एनफिल्डचा प्रसिद्ध उपदेश ठेवा, क्रुद्ध देवाच्या हातातल्या पापी माणसांबद्दलचा. लोक त्यालाही सरसकट जेरेमायड म्हणतात. मला ते मान्य नाही. तो सुरुवातीला 'ते' दुष्ट लोक, 'त्यांचा' पाय घसरणार, असं दूरचं बोलतो आणि बोधाच्या भागात एकदम 'तुम्ही' वर येतो. कोळी चिमटीत धरून आगीवर लोंबकळवावा तसा देव तुम्हाला नरकाच्या खाईवर धरून आहे, म्हणतो. तिथे हाक वसाहतीला नाही, एकेकट्या जिवाला आहे. मी तर 'हे पापी माणसा' नंतर सरळ 'तू' लिहीन. त्या दिवशी सभेत इतका आक्रोश झाला की त्याला थांबावं लागलं, असं हजर असलेल्या एका पाळकाच्या रोजनिशीत आहे.

'सर्मन'साठी 'प्रवचन' की 'उपदेश', हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: 'उपदेश' ठेवा. मराठी चर्चमध्ये तोच रुळलेला आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या, प्युरिटनांच्या वारस मंडळ्यांनी पाठवलेले होते, तेव्हा या शब्दाला थोडा घरचा वासही आहे. 'कीर्तन' मात्र नको. तिकडे आख्यान नाही, गाणं नाही. आधी वचन, मग सिद्धांत, मग कारणं आणि शेवटी बोध, म्हणजे याचं मी आता करायचं काय. पूर्वरंग आहे, उत्तररंगाच्या जागी झाडाझडती.

आता शीर्षक. 'एरंड' म्हणजे कुणी सोपवलेलं काम आणि आपण मनाशी धरलेला हेतूही, या दोन अर्थांवर मिलरने निबंधच लिहिला आहे. दोन्ही जवळपास पेलणारा शब्द मला 'कामगिरी' वाटतो. 'विल्डरनेस' बायबलात ओसाड रान, पण 'अरण्य' म्हटलं की मराठी वाचकाला दाट झाडी दिसते, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ती खरोखरच होती. तेव्हा 'अरण्यातली कामगिरी'.

आणि जेरेमायड? पहिल्यांदा येईल तिथे 'यिर्मयावाणी' लिहून एका ओळीत उलगडून सांगा, पुढे तोच शब्द वापरा. 'कानउघाडणी' जवळचा आहे, पण त्यात शेवटची आशा येत नाही. रडगाणं अगदीच टाकू नका. आजचा इंग्रजी समीक्षक एखाद्या कुरकुऱ्या लेखाला नाक मुरडून 'जेरेमायड' म्हणतो, तिथे ते ठेवून द्या.