जुन्या जखमेत इन्फेक्शन आहे का, हे लगेच सांगणारी टेस्ट असते का?

तुम्ही लिहिलंय की आईंना मधुमेह आहे, तळपायाची जखम तीन महिने भरत नाहीये. स्वॅबच्या कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला तीन दिवस गेले, त्यात दोन जंतू निघाले, आणि तरीही डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. झटपट टेस्ट केली असती तर बरं झालं नसतं का, असं तुम्ही विचारताय.

मी जखमांच्या विभागात नर्स आहे आणि तुमची घालमेल समजते. झटपट टेस्ट आहेत, पण बहुतेक टेस्ट जंतू आहेत का एवढंच सांगतात. महिनोन्‌महिने उघडी राहिलेल्या जखमेत जंतू असतातच. ते नुसते वस्तीला आहेत की मांसाला इजा करताहेत, हे जखम बघूनच ठरतं. लाली, सूज, गरमपणा, दुखणं, पू यांपैकी निदान दोन लक्षणं असली की मधुमेहाच्या पायात इन्फेक्शन धरतात. पंचाईत अशी की नसा बधिर झालेल्या असतील तर दुखत नाही आणि रक्तपुरवठा कमी असेल तर लालीही धड दिसत नाही. म्हणून तर अशा टेस्ट आम्हालाही हव्याशा वाटतात.

मला स्वतःला जांभळ्या प्रकाशाचा कॅमेरा फार उपयोगी वाटतो. खोलीत अंधार करून जखमेवर प्रकाश टाकला की जिथे जंतू दाटीने आहेत तिथे लाल चमक दिसते. स्यूडोमोनास नावाचा जंतू असेल तर निळसर-हिरवी. वरून छान गुलाबी दिसणाऱ्या जखमेच्या कडेला, घट्ट्यालगत, अशी लाल रेघ उमटते आणि कुठे साफ करायचं ते तिथल्या तिथे कळतं. स्यूडोमोनास सोडला तर जंतू नेमका कोणता, आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे मात्र त्यातून कळत नाही.

पीसीआर ही जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट काही तासांत जंतूचं नाव सांगते, एमआरएसएसारख्या, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या चिवट जंतूचं जनुकही पकडते. पण मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा तिला सापडतो. त्यामुळे औषध निवडायला कल्चर अजून लागतंच.

आणि कुठलीही टेस्ट असो, नमुना चुकला की सगळं वाया. वरचा पू किंवा बुळबुळीत थर पुसून घेतलेला स्वॅब जवळपास निरुपयोगी. आधी सलाइनने धुवायचं, मेलेला भाग काढायचा, मग स्वच्छ तळावर साधारण १ चौरस सेंटिमीटर जागेत स्वॅब दाबून ५ सेकंद फिरवायचा, म्हणजे आतला द्रव त्यावर येतो. तळाचा छोटा तुकडा घेता आला तर त्याहून चांगलं. आईंचा स्वॅब कसा घेतला होता, हे जरूर विचारा.

लक्षणं नसताना निव्वळ रिपोर्टवरून अँटिबायोटिक न देणं बरोबरच आहे. त्याने जखम भरत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांना हे विचारा: बोथट सळईने तपासल्यावर तळाला हाड लागतं का? पायाचा रक्तपुरवठा बघितला का? जखमेवरचा भार कमी करायला कोणतं पादत्राण किंवा प्लास्टर देणार? तीन महिने रेंगाळलेल्या जखमेचं कारण बरेचदा इथेच सापडतं.

लाली कडेपासून २ सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली, ताप किंवा थंडी वाजून आली, बोट काळं पडलं किंवा साखर अचानक चढली, तर कसल्याही रिपोर्टसाठी थांबू नका, आईंना त्याच दिवशी दवाखान्यात न्या.