'टेल मी' बरोबर, मग 'एक्सप्लेन मी' चूक का?

'टेल मी धिस' चालतं, मग 'एक्सप्लेन मी धिस' का चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. मुलाखतीत यावरून टोकलं म्हणून वाईट वाटलं, असंही लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नका, ही चूक आपल्या 'ला'मुळे होते. 'मला सांग', 'मला समजाव', 'मला सुचव', तिन्हीकडे 'मला'च. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाची रीत वेगळी.

टेल, गिव्ह, शो, टीच, सेंड यांच्यापुढे माणूस थेट येतो: 'शो मी धिस'. एक्सप्लेन, डिस्क्राइब, मेन्शन यांच्यापुढे आधी गोष्ट येते आणि माणसाला 'टू' लागतो: 'एक्सप्लेन धिस टू मी'. पहिल्या गटातले बरेच शब्द जुन्या इंग्रजीतले, दुसऱ्यातले लॅटिनमधून आलेले. पण यावर फार विसंबू नका. 'प्रॉमिस' लॅटिनमधून आलेला, तरी 'प्रॉमिस मी' चालतं. 'से' अस्सल इंग्रजी, तरी 'सेड मी' चालत नाही.

त्यापेक्षा मी विद्यार्थ्यांना कर्मणी प्रयोग करून बघायला सांगते. 'मला सांगण्यात आलं' म्हणजे 'आय वॉज टोल्ड'. हे बसतं, म्हणून 'टोल्ड मी' बरोबर. 'आय वॉज सेड' बसत नाही. 'आय वॉज एक्सप्लेन्ड' म्हटलं, तर माझंच स्पष्टीकरण केलं असा अर्थ होईल!

खरा घोटाळा 'सजेस्ट'चा. 'त्याने मला थांबायला सुचवलं' हे मराठीत सहज म्हणतो, म्हणून 'ही सजेस्टेड मी टू वेट' तोंडात येतं. माझ्याकडच्या वह्यांमध्ये ही चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली असेल. 'ही सजेस्टेड दॅट आय वेट' म्हणा, किंवा 'ही सजेस्टेड वेटिंग'. या दुसऱ्या वाक्यात कुणी थांबायचं ते मोघम राहतं, कदाचित दोघांनीही. सल्ला नेमका तुम्हालाच दिला असेल तर 'अड्व्हाइज' घ्या: 'ही अड्व्हाइज्ड मी टू वेट'. आणि थांब म्हणून बजावलंच असेल, तर 'टोल्ड मी टू वेट'.

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. १९४२ साली तिथे निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांच्या या रचना दिल्या होत्या. ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्यातूनच झाला. आजही तो उघडलात तर 'एक्सप्लेन'खाली 'समथिंग टू समबडी' असं छापलेलं दिसेल. वहीत नुसता अर्थ उतरवू नका, हे तीन शब्दही उतरवा.