स्केल सगळे पाठ आहेत, तरी जॅझचा सोलो रियाजासारखाच वाजतो. पुढे काय करू?

तुम्ही लिहिलंय की काही वर्षं गिटार वाजवताय, मोड्स (एकाच स्केलची वेगवेगळ्या स्वरांपासून सुरू होणारी रूपं) पाठ आहेत, बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की बोटं पळतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं सराव चाललाय. आता नवीन स्केल बास. खाली साथीत कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलते आणि तुमच्या सोलोला त्याचा पत्ताच नसतो, अडचण बहुधा इथे आहे.

आपला कान षड्जावर तयार होतो. सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. जॅझमध्ये एका कॉर्डवर गोड लागलेला स्वर पुढच्या कॉर्डवर खुपू शकतो.

डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशा कॉर्ड घ्या. प्रत्येकीचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर वाजवा. पहिलीचे एफ आणि सी. दुसरीवर जाताना एफ तसाच राहतो, सी अर्धा स्वर उतरून बी होतो. तिसरीवर बी राहतो, एफ उतरून ई होतो. ट्रॅक बंद करून नुसते हे स्वर वाजवले तरी कॉर्ड कुठे बदलली ते कळायला हवं. मग एफमधला 12 बारचा ब्लूज घ्या (एक बार म्हणजे चार मात्रा). एफ सेव्हनवर ए, म्हणजे तिचा तिसरा स्वर, धरा आणि पाचव्या बारला बी-फ्लॅट सेव्हन आली की बरोबर पहिल्या मात्रेवर तिच्या सातव्या स्वरावर, ए-फ्लॅटवर, या. तो एक स्वर वेळेवर पडला की आजूबाजूला काहीही वाजवा, खपून जातं. (जवळजवळ काहीही!)

जोडीला एक सोलो कानाने उतरवा. आधी तोंडाने गा, मग गिटारवर. टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) शोधू नका. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनेही 1937 च्या उन्हाळ्यात दुसरा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याचे सोलो रेकॉर्डवरूनच बसवले होते. तुम्ही मात्र पार्करपासून सुरुवात करू नका, वेग झेपणार नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’मधला (1959) सोलो घ्या. दोन कोरस (रचनेच्या दोन पूर्ण फेऱ्या), म्हणजे 64 बार, आणि स्वर मोजके. तिथे प्रत्येक फेरीत 16 बार डी डोरियन (मोड्सपैकी एक), 8 बार ई-फ्लॅट डोरियन, पुन्हा 8 बार डी, एवढाच बदल आहे, त्यामुळे वरचा धडा त्यात फारसा सापडणार नाही. त्यात ऐकायचं ते हे की माणूस गप्प किती वेळ बसतो आणि पुढचं वाक्य बारच्या नेमक्या कुठल्या मात्रेवर उचलतो. गिटारवाल्यांना श्वास घ्यायला थांबावं लागत नाही, म्हणून आपण थांबतच नाही.

मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. सुरुवातीला लय सुटेल, तेव्हा वेग कमी करा, पण ठोका पहिल्या मात्रेवर आणू नका.