मुलांना डुकरांच्या शेडमध्ये कामाला घेताना
तुमची मुलं शेडमध्ये यायचा हट्ट करतात ना, येऊ द्या. फक्त काम नेमून द्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाण्याचे निपल, म्हणजे डुकरं तोंडाने दाबून पाणी पितात त्या तोट्या, तपासायला सांगा: बोटाने दाबायचं, धार बारीक वाटली की लगेच येऊन सांगायचं. उन्हाळ्यात हे काम फार मोलाचं, कारण डुकराला घाम जवळपास येतच नाही. गाभण मादीची तारीख कॅलेंडरवर मांडणंही मुलांना छान जमतं; नर दाखवल्यापासून साधारण 114 दिवस मोजायचे.

व्यालेल्या मादीच्या कप्प्यात मात्र मूल एकटं कधीच नको. पिल्लू उचललं की ते किंचाळतं, आणि एरवी गरीब असलेली मादी थेट अंगावर येते. पिल्लू हाताळायचंच असेल तर आधी मोठ्या माणसाने मादीला वेगळं करावं. नराच्या कप्प्यात तर मुलांनी पाऊलच टाकू नये, तो कितीही माणसाळलेला असो.

शेडचे गमबूट शेडमध्येच राहू द्या. बाहेर येताच साबणाने हात, मगच खाऊ. आणि परीक्षेच्या दिवसांत सगळी कामं तुम्हीच उरका, मुलांना हाकही मारू नका.