आर्क्टिकमध्ये बुडालेल्या जहाजांची राखण करणाऱ्या इनुइट (तिथले मूळ रहिवासी) रक्षकांसाठी टिकाऊ निवारा कसा बांधावा?

सुरुवात जमिनीपासून करा. ही जहाजं कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात आहेत; तिथे खालची माती बारमाही गोठलेली असते, वरचा थर मात्र उन्हाळ्यात सैल होतो. घराची ऊब खाली उतरली की पाया खचतो. म्हणून निवारा खांबांवर उचलायचा, खालून वारा खेळू द्यायचा. खांबांची उंची पुढेही कमी-जास्त करता आली पाहिजे.

जागा मात्र नुनावुतमधल्या ज्योआ हेवन गावच्या इनुइट लोकांनीच ठरवावी, याबद्दल माझं ठाम मत आहे. १८४५ साली निघालेल्या ब्रिटिश फ्रँकलिन मोहिमेची बुडालेली जहाजं ‘एरेबस’ (२०१४) आणि ‘टेरर’ (२०१६) सापडली, त्यात त्यांच्या माहितीचा मोठा वाटा होता. ‘टेरर’चा माग तर तिथल्याच सॅमी कोगविक यांनी दाखवला. वारा, बर्फाचे ढीग, अस्वलांच्या वाटा या गावकऱ्यांना ठाऊक असतात. आणि सगळं सामान बोटीतून नेता येईल, हातांनी जोडता येईल अशा तुकड्यांतच करा.