शिक्कामोर्तब की अनुसमर्थन?

कोथरूडमधील एका भूगोलाच्या शिक्षिकेने विचारले आहे की, ‘अमेरिकेने क्योटो करारावर स्वाक्षरी केली, पण त्याचे अनुसमर्थन केले नाही’ या वाक्यातील ‘अनुसमर्थन’ मुलांच्या तोंडी बसत नाही, तर त्याऐवजी ‘शिक्कामोर्तब केले नाही’ असे शिकवले तर चालेल का? (क्योटो करार म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार.)

बातमीच्या मथळ्यात ते खपून जाईल. वर्गात मात्र ते वापरू नये, असे माझे मत आहे.

‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या जुन्या दफ्तरातून आलेला जोडशब्द आहे. शिक्का पत्राच्या माथ्यावर आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी उमटवीत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबाची अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहेत; मर्यादा म्हणजे येथे मजकुराची हद्द. भारत इतिहास संशोधक मंडळात जुने पत्र जवळून पाहिले तेव्हा मोडीची शेवटची ओळ आणि मोर्तब यांमध्ये एक अक्षरही घुसडायला जागा नाही, हे पाहून त्या शब्दाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला. म्हणजे पत्र अस्सल आहे आणि ते येथे संपले, एवढे शिक्कामोर्तब सांगते, आणि तेही पत्र धाडणाऱ्याच्याच वतीने. करारांच्या व्यवहारात याच्याशी जुळणारा टप्पा शोधायचाच, तर तो मसुदा संमत होण्याचा, म्हणजे क्योटोच्या बाबतीत ११ डिसेंबर १९९७ चा.

अनुसमर्थन त्याच्या पुष्कळ पुढे येते. ‘अनु’ म्हणजे मागाहून : प्रतिनिधीने परदेशी केलेल्या स्वाक्षरीला मायदेशाने आपल्या राज्यघटनेच्या रीतीने दिलेली आणि संयुक्त राष्ट्रांकडे रीतसर कळवलेली मान्यता. अमेरिकेने नोव्हेंबर १९९८ मध्ये स्वाक्षरी केली. परंतु त्यानंतर सेनेटची, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, दोन-तृतीयांश मतांची संमती लागते, आणि तो करार सेनेटपुढे कधी ठेवलाच गेला नाही. म्हणून १९९० च्या तुलनेत उत्सर्जन घटवण्याचे बंधन अमेरिकेवर आले नाही. करार लागू होण्यासाठीही मोजली जातात ती अनुसमर्थने, स्वाक्षऱ्या नव्हेत. रशियाचे अनुसमर्थन २००४ मध्ये आल्यानंतरच क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ रोजी अंमलात आला. मसुदा संमत होणे आणि अनुसमर्थन या दोन्ही टप्प्यांना सरसकट ‘मान्यता’ म्हटले, तर मधली ही सात वर्षे कशात गेली हे मुलांना कळणारच नाही.

हवामानबदलाविषयीच्याच पॅरिस करारात प्रत्येक क्रियापदाला स्वतःची तारीख आहे : तो १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत झाला, भारताने २२ एप्रिल २०१६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली, २ ऑक्टोबरला अनुसमर्थन केले आणि ४ नोव्हेंबरला तो अंमलात आला. ‘२०१५ मध्ये पॅरिस करार लागू झाला’ असे जे वरचेवर छापून येते, ते चुकीचे आहे.

प्रत्ययाकडेही लक्ष असावे. स्वाक्षरी करारा‘वर’ होते, अनुसमर्थन करारा‘चे’ होते. ‘करारावर अनुसमर्थन केले’ ही रचना कानाला खटकते आणि ती टाळावी.

शब्द जड वाटत असेल, तर तो न गाळता वाक्य थोडे वाढवावे : ‘अमेरिकेने क्योटो करारावर स्वाक्षरी केली, पण मायदेशी त्याचे अनुसमर्थन झाले नाही, त्यामुळे तो तिच्यावर बंधनकारक ठरला नाही.’ कॅनडासाठी मात्र हे वाक्य वापरू नये. त्या देशाने २००२ मध्ये अनुसमर्थन केले होते आणि २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचे कळवले. तेथे ‘माघार घेतली’ असेच लिहावे.