एका आंब्याचे वीस गुण

प्रश्न : लेक सहावीत आहे, सारखी मोबाइलवर गेम खेळते. एक क्लासवाले म्हणतात, 'गेममधूनच कोडिंग शिकवू.' फी भरमसाट. खरंच शिकतात का मुलं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, कोडिंग म्हणजे संगणकाला क्रमानं सूचना देणं. ते गेम खेळून येत नाही, गेम बनवून येतं. क्लास तूर्तास राहू दे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं बनवलेलं 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचं कोडिंगचं सॉफ्टवेअर २००७ पासून फुकट आहे. एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. पडद्यावर सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की तिथलं मांजर हलतं.

लेकीला सांगा, वरून आंबे पडतायत नि मांजर झेलतंय असा गेम कर. खरी गंमत गुण मोजताना येते. 'आंबा मांजराला लागला तर गुण १ ने वाढव' एवढंच लिहिलं, तर एकाच आंब्याचे पंधरा-वीस गुण होतात! माझ्या वर्गात पोरं आधी खूश होतात, मग कुणीतरी ओरडतंच, "मॅडम, ही चीटिंग आहे!" आंबा चिकटलेला असेपर्यंत 'सतत' हा ठोकळा तीच अट पुन्हा पुन्हा तपासत राहतो. गुण मिळताच आंबा वर पाठवला की भागतं. पण हे तिचं तिला सापडू द्या. तुम्हाला सांगायचा मोह होईल, आवरा.

लॅपटॉप नसेल तर बाबांना रोबो करा. 'दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ' अशा सूचना आधीच चिठ्ठीवर लिहायच्या, मधे बोलायचं नाही. बाबा सोफ्यावर आदळले तर चिठ्ठी दुरुस्त करून पुन्हा पहिल्या फरशीपासून सुरुवात.